तांड्याच्या अलीकडे संपणारी पाटी

१२ डिसेंबर १९५९

पाटी लागली एकदाची! आर्णी गावात मोटरगाड्यांनी ताशी पंधरा मैलांच्या वर जाऊ नये. वर्षभर खेटे घातले. पहिला खांब माझ्या हॉटेलासमोर, दुसरा नाल्यापाशी — तिथे हद्द संपते. पंचायतीचे रामराव म्हणाले, "बाबूसेठ, आता बिनघोर झोपा."

बापाने गावोगाव बैलांवर मीठ वाहून नेलं. मी एका किटलीवर हॉटेल उभं केलं. माणसं कशी वळवायची ते मला जमतं.

२० डिसेंबर

खरंच हळू जातात. कापसाच्या बंड्यांचे बैलही आता बुजत नाहीत.

२ जानेवारी १९६०

गल्ल्यावर बसून कान देतो आहे. ट्रक समोरून दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत जातो, अगदी गरीब गाईसारखा. नाल्याचा खांब ओलांडला की तिसरा, लगेच चौथा — आणि मग इंजिन जे बोंबलतं! पूर्वी तिथे असा आवाज नव्हता. एका चालीने यायचे, एका चालीने जायचे.

नाल्यापलीकडे आमचा बंजाऱ्यांचा तांडा आहे. याडी, म्हणजे माझी आई, अजून तिथेच राहते. रोज दह्याची चरवी डोक्यावर घेऊन याच रस्त्याने हॉटेलात येते.

५ जानेवारी

देवीलाल ड्रायव्हर चहाला थांबला. म्हटलं, "नाल्यापुढं येवढं काहून दाबतं बे?"

"सेठ, मले खेपेवर पैसे भेटते. तुमच्या पाटीनं खाल्लेला टाइम कुठं वसूल करू? घरी?"

"तिथं मानसं राहते."

"मानसं राहते. पाटी नाही राहत ना!"

सगळे हसले. मीही हसलो. उत्तर चोख होतं.

११ जानेवारी

तांड्यासमोर ट्रकने तिथल्याच सेवादासचा बैल उडवला. सेवादास बंडीवर झोपला होता. म्हणतो, "बाबूची पाटी हाय, म्हनून डोळा लागला."

रस्त्याच्या ओव्हरसियरकडे गेलो. म्हटलं, दुसरा खांब तांड्यापलीकडे न्या. तो म्हणाला, "तांडा गावाच्या हद्दीत येत नाही." म्हटलं, मग दोन्ही खांब काढा. त्यावर तिथेच बसलेले रामराव तडकले, "पाटी लागल्यापासून गावात कोनाले खरचटलं तरी का? तुम्हीच आणली, आता तुम्हालेच टोचते?"

गावापुरतं खरं आहे त्यांचं. मी पुरावा काय देऊ — माझे कान?

१२ जानेवारी

आजही नाल्यापलीकडे इंजिनांचं तेच बोंबलणं ऐकलं. दिवसभर.

१८ जानेवारी

नाल्यापलीकडे याडी रस्त्याच्या मधोमध चालत होती. पूर्वी मोटरचा आवाज लांबून आला तरी खाली उतरून उभी राहायची. आज मागे ट्रक भोंगा वाजवतो आहे, आणि ही वळूनसुद्धा बघत नाही! ट्रक मातीत उतरला म्हणून वाचली. धावत जाऊन दंड धरला. ती मलाच हसली. "डर छेनी, बेटा, भेव नाही. तुही पाटी हाय ना."

सगळ्या तांड्याला सांगत फिरते — माह्या बाबूसिंगनं मोटरी हळू केल्या. तिच्या मागे बायाही आता तशाच चालतात, राणीसारख्या.

समजावलं, पाटी नाल्यापर्यंतच चालते. "मोटरले काय ठाव, नाला कुठं हाय?" म्हटलं, हॉटेलात राहायला ये. "कायले? आता तं रस्ता आपलाच हाय."

२३ जानेवारी

याडीला वाचता येत नाही. तिला पाटीपुढे उभं केलं आणि सांगितलं, "सरकारनं हुकूम फिरवला. आता यावर लिहिलं हाय, मोटरी जोरात हाका. माह्यं कोनी आयकलं नाही."

तिने पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्हंजे तुले बी कोनी पुसत नाही."

म्हटलं, "नाही पुसत."

२४ जानेवारी

याडी रस्ता सोडून शेताच्या धुऱ्याने, बांधावरून आली. मागे तांड्याच्या बाया, घागऱ्यांना कुसळं. रस्त्यावर एकही नव्हती. दही ठेवलं आणि माझ्याकडे न बघता गेली.