जमावबंदीतला सत्कार

२८ मार्च, सोमवार. लातूर
तक्रार गेली. दिल्लीला, मानवी हक्कांच्या आयोगाकडे. रजिस्टर्ड. खिडकीतल्या बाईंना दोनदा विचारलं, पिनकोड बरोबर आहे ना. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं पाकीट मी स्वतः नेऊन देऊ का?"
परतीच्या बसमध्ये बोरसंगी येईपर्यंत सगळी तक्रार मनात पुन्हा तपासली. शेजारच्या महानंदाकाकू, अंगणवाडी सेविका. टँकर येईना म्हणून त्या आणि आणखी पाचजणी रिकाम्या घागरी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेल्या, घागरी वाजवल्या. टाकीच्या आसपास जमावबंदी. पाचजणांनीसुद्धा जमायचं नाही. पोलिसांनी गाडीत घातलं. अंधार पडल्यावरही ठाण्यात बसवून ठेवलं, एकही बाई पोलीस नसताना. गुन्हा सहाही जणींवर, पण सरकारी मानधन एकट्या काकूंचं. म्हणून नोटीसही एकट्या काकूंना: कामावरून कमी का करू नये.
एवढंच. जास्तीचा शब्द नाही. तरी धाकधूक.

३० मार्च, बुधवार
बिरादार मॅडम (ज्यांच्या हाताखाली वकिली शिकते आहे) तक्रारीची प्रत वाचून चिडल्या. "'नक्की वेळ सांगता येत नाही' असं कुणी तक्रारीत लिहितं का गं? रात्रीचे अकरा लिही की!" म्हटलं, काकूंकडे घड्याळ नव्हतं. देवळातली आरती होऊन बराच वेळ झाला होता, एवढंच त्यांना आठवतं. मॅडम कपाळाला हात लावून हसल्या. "तू वकिली करणार आहेस का जप?"
दोष वडिलांचा, अप्पांचा. लहानपणी मला सारखा ताप यायचा, म्हणून चौथीपर्यंतची शाळा घरीच, आमच्या डाळीच्या दुकानामागच्या खोलीत. अप्पा मास्तर, अव्वा (आई) शिपाई. पाहिलं ते 'पाहिलं' लिहायचं, ऐकलं ते 'ऐकलं'. 'मांजर पळाले' लिहिलं की अप्पा विचारणार, "तू बघितलंस का पळताना?" आता पंचविशी आली, तरी प्रत्येक पूर्णविरामापाशी ते उभे असतात.
आणि त्यांनाच तक्रारीचं सांगितलेलं नाही. सांगायला हवं.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा
जिल्हा कृती समितीची बैठक दर पाडव्याला आमच्याच दुकानात. 'बोरसंगी जिल्हा झालाच पाहिजे.' अप्पा अध्यक्ष, माझ्या जन्माच्या आधीपासून. कलेक्टर ऑफिस एसटी स्टँडसमोर की बाजार समितीच्या मागे, यावर याही वर्षी भांडण. नव्या जिल्ह्याला पाणी कुठून आणायचं यावर भांडण नाही. तो विषयच निघाला नाही.
अप्पा म्हणाले, "यंदा हवा चांगली हाय. होतंय बघा. फकस्त गावाची बदनामी नको."
काकू गूळ-लिंबाचा प्रसाद घेऊन आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, जिल्हा झाला की जेलबी मोठं होईल का हो? मंजे आम्हाला जरा ऐसपैस." सगळे हसले. अप्पा सगळ्यांत जास्त हसले. काकू गेल्यावर म्हणाले, "लई वाईट झालं बिचारीचं. पर पेपरात नको यायला."
आज तरी सांगणार होते. नाही सांगितलं.

१६ एप्रिल, शनिवार
आयोगातून फोन!! दोन अधिकारी तेवीस तारखेला येणार. एक साहेब, एक बाई इन्स्पेक्टर. साहेब हिंदीत सावकाश बोलले. सहाही जणी घरी असाव्यात, आणि येणार असल्याचं कुणालाही सांगू नका. मला "जी" शिवाय काही बोलता आलं नाही. सात-आठ वेळा "जी".
अव्वानं भाकरी थापता थापता विचारलं, "कुणाचा गं?" म्हटलं, कामाचा. खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

२० एप्रिल, बुधवार
विश्रामगृहाला नवे पडदे लागले. गावात दुसरा विषय नाही.
तिथले खानसामा गफूरचाचा तूरडाळ घ्यायला दुकानात आले. "दिल्ली से दो साब आ रैं, अप्पा. कायकू, वो नै बताये. लेकिन नहाने कू अलग टँकर आया. बोले तो बडा मामला हय."
अप्पांनी माप तसंच हातात धरून ठेवलं. दिल्लीचे साहेब. पडदे. टँकर. संध्याकाळपर्यंत गावाचं ठरून गेलं: नव्या जिल्ह्याची पाहणी! बँड सांगितला. फेटे सांगितले. स्वागत टाकीखाली, कारण गावात शिरताना सावली अशी तिथेच.
मी आत जाऊन दोन तांबे पाणी प्यायले. या दिवसांत, दोन तांबे!

२१ एप्रिल, गुरुवार
मॅडमना फोन केला. "तोंड उघडू नकोस. बायांवर दबाव आला आणि त्या गप्प बसल्या तर काकूंची नोकरी गेली समज." मग गप्प आहे.
अप्पा भाषण पाठ करताहेत, हिंदीत. मला विचारतात, "'जिव्हाळा'ला हिंदीत काय म्हणतात?" मी सांगते. हे पाप कुठल्या खात्यात जाईल?
कोण येणार ते काकूंना माहीत आहे. त्यांना काही नाही त्याचं. "येऊ दे की बँड. माझ्या लग्नाला बी न्हवता आला, त्यांची दुसरी सुपारी हुती."

२३ एप्रिल, शनिवार
सगळं क्रमानं लिहिते.
सकाळी टाकीखाली गाव लोटलं. किती ते मोजलं नाही. खूप. बँडवाले, कृती समिती, शाळेची पोरं, समितीच्या बायका औक्षणाला. फौजदार स्वतः लोकांना रांगेत उभं करत होते. त्यांच्याही हातात हार. मी खांबाआड.
गाडी आली. साहेब उतरले न उतरले तोच फेटा. त्यांच्या डोक्याला मोठा झाला, भुवयांवर आला. इन्स्पेक्टरबाईंना शाल-श्रीफळ. अप्पांचं भाषण, पूर्ण. साहेबांनी फेटा सावरत शेवटपर्यंत ऐकलं. मग वर पाहून विचारलं, "यही वह टंकी है?"
"जी! हमारी टंकी!" अप्पा.
साहेब फौजदारांकडे वळले. जमावबंदीचा आदेश मागे घेतला का?
"नहीं सर. लागू है, सर."
"तो फिर यह क्या है?"
फौजदारांनी सगळीकडे पाहिलं. बँडकडे, कमानीकडे, स्वतःच्या हातातल्या हाराकडे. म्हणाले, "स्वागत है, सर."
कुणी हसलं नाही. बँडमधल्या एकाला काही कळलं नव्हतं, तो तेवढा वाजवत राहिला, मग तोही थांबला. साहेब म्हणाले, आम्ही मानवी हक्क आयोगातून आलो आहोत. महानंदाबाईंना भेटायचं आहे. तक्रार लिहिणारी मुलगी इथे आहे का?
मी हात वर केला. शाळेत करतात तसा. घरी शिकताना कधी करावा लागला नव्हता. अप्पांनी पाहिलं.
काकूंच्या ओसरीवर सहाही जणींचे जबाब. दुभाषी मी. बाईंनी विचारलं, ठाण्यात भीती वाटली का? काकू म्हणाल्या, "भ्या कशाचं? भूक लागली हुती. पीठ मळून ठिवलं हुतं, त्याचं वाळून दगड झालं." ते तसंच हिंदीत सांगितलं. बाईंनी तसंच लिहून घेतलं.
घरी आले तर अप्पा दुकानात, डोक्यावर फेटा तसाच.
"सांगायचं तरी."
"सांगू नका म्हणाले होते, अप्पा."
"मी काय पोलीस हाय का गं?" मग फेटा उतरवून, "सबंध गावापुढं येड्यावानी उभं केलंस मला."
मी रडले. अव्वा आतून म्हणाली, "दोघंबी आधी जेवा. रुसायला उद्याचा दिस पडलाय."

२४ एप्रिल, रविवार
आयोगाच्या साहेबांना कालच्या जमावातल्या कुणाचा तरी जबाब हवा होता. तसा जबाब मिळाला तर काकूंवरचा गुन्हा किती एकतर्फी आहे ते कागदावर येईल, नाहीतर नुसतं त्यांनी पाहिलेलं. समितीतले सगळे एका रात्रीत देगलूरला लग्नाला गेलेले. एकाच लग्नाला.
सकाळी फौजदार दुकानात आले. (मी मागच्या खोलीत. ऐकलं; पाहिलं नाही.) "अध्यक्ष, तुम्ही टाकीपासून लांब हुता, रस्त्यापल्याड, एवढंच म्हणा. उगं तुमच्यावर केस नको, आमच्यावर ठपका नको. आन् जिल्ह्याचं काम हाय, गाव सांभाळून घ्यावं लागतं." चहाची कपबशी खाली ठेवल्याचा आवाज. फौजदार गेले.
मग अप्पा आत आले. फेटा पुन्हा बांधला, नीट, आरशात बघून. "चल."
विश्रामगृहात त्यांनी मराठीत सांगितलं, मी हिंदीत. "मी काल टाकीखाली जमाव केला. बँड लावून केला. तीनशे माणूस हुतं."
साहेब म्हणाले, "आपने गिने थे?"
अप्पा अडखळले. माझ्याकडे पाहिलं. "न्हाई मोजले. फेटे शंभर आणले हुते, ते पुरले न्हाईत. त्याच्या म्होरचं मला सांगता यायचं न्हाई." मग घसा साफ करून, "महानंदा आन् पाच बाया पाणी मागाय गेल्या, त्यांना गाडीत घातलं. मी जिल्हा मागाय गेलो, मला रांगेत पुढं उभं केलं. हे लिवा."
साहेबांनी विचारलं, यावरून तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, ठाऊक आहे ना?
"व्हय की. वकील घरचाच हाय."
सही करताना म्हणाले, "जिल्ह्याची बी एक ओळ टाका." साहेब म्हणाले, ते आमच्या हातात नाही. "तरीबी टाका." नाही टाकली. पण पहिल्यांदाच हसले साहेब.
परत येताना अप्पा रस्त्यात एवढंच म्हणाले, "तक्रार मला वाचाय दे. चुका असतील."

२५ एप्रिल, सोमवार
वाचली. एक चूक काढली. मी 'रिकाम्या घागरी' लिहिलं होतं. अप्पा म्हणाले, सहाही घागरी आतून बघितल्यास का? काकूंना जाऊन विचारलं. त्या इतक्या हसल्या की शेजारच्या दोघी बघायला आल्या.

२ मे, सोमवार
समिती लग्नाहून परतली आणि अप्पांचा राजीनामा मागितला. गावाची मान खाली घातली म्हणे. अप्पा म्हणाले, "देतो की. जिल्हा झाला त्या दिवशी देतो."
अप्पांवर अजून गुन्हा नाही. रोज मला विचारतात. नाही म्हटलं की जरासे हिरमुसतात.
काकूंच्या नोटिशीचं उत्तर मी आणि मॅडमनी मिळून दिलंय. तिकडून काही नाही. काकू रोज वेळेवर अंगणवाडी उघडतात. मी रोज सकाळी भिंतीवरून पाहून घेते.

१३ मे, शुक्रवार
आयोगाचं पत्र आलं. सरकारला नोटीस! बायांना अंधार पडल्यावर का बसवून ठेवलं, गुन्हा कशाच्या आधारावर, त्याच आदेशात दुसऱ्या जमावाला सूट कशी. चार आठवड्यांत उत्तर द्या. प्रत मला. तीनदा वाचलं. काकूंच्या नोकरीबद्दल माहिती मागवली आहे, बाकी एक शब्द नाही. कमी करू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. चौथ्यांदा वाचलं. नाहीच.
पत्र घेऊन अंगणवाडीत पळाले. तर तिथे प्रकल्प कार्यालयाच्या पर्यवेक्षिकाबाई आधीच आलेल्या, चार्ज घ्यायला. चावी द्या म्हणत होत्या. पोरं गाणं अर्धवट सोडून बघत बसलेली.
काकू मला म्हणाल्या, "काय लिवलंय दिल्लीवाल्यांनी?" वाचून दाखवलं.
काकूंनी कमरेवर हात ठेवले. "सरकारला उत्तर द्यायला चार हप्ते दिलेत ना? मग मला बी चार हप्ते द्या. तवर चावी माझ्याकडं."
बाई माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही वकील. असं लिहिलंय का यात?"
काकू माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.
"नाही," मी म्हटलं. "तसं लिहिलेलं नाही. पण तुम्ही आज चावी घेतलीत, तर ते मात्र मला त्यांना लिहावं लागेल. आज, तारखेनिशी. मी स्वतः पाहिलंय म्हणून."
बाई पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. पदरानं वारा घेतला. म्हणाल्या, वर विचारते, सोमवारी येते. काकूंनी त्यांना अर्धा तांब्या पाणी दिलं, चावी पुन्हा कमरेला खोचली आणि पोरांना म्हणाल्या, "हं, कुठं आलो हुतो आपण? म्हना."