न दिसणारी सही

४ फेब्रुवारी

दिसतच नाही, तर सही करायची कशाला? आईने विचारलं, आणि मी भलतंच गणित सांगत बसले. म्हणे घरातली पहिली पदवीधर!

नव्या नोकरीतलं काम तिला समजावत होते — फोटोंत मालकाची न दिसणारी खूण लपवायची. फोटो म्हणजे लहरींची बेरीज. संथ लहरींत आकाश, चेहऱ्याचा आकार. चपळ लहरींत केस, कापडाची वीण. संथ लहरींत खूण लपवली तर डोळ्याला खटकते. चपळ लहरींत लपवली तर फाइल लहान करताना धुऊन जाते. म्हणून मधल्या लहरींत!

"तिच्या साहेबांना कळतं ना, झालं तर!" — बाबा.

६ फेब्रुवारी

कंपनीची खूण घालायला पक्ष्यांचे फोटो आले. विकत घेतलेत, साहेब म्हणाले. एकाच्या लहरींचा नकाशा उघडला, तर त्यात ठिपक्यांचं कडं! मी अजून काहीच घातलं नव्हतं. दुसऱ्यातही तेच. कुणाचं हे? डबा खायचा राहिला.

७ फेब्रुवारी

माझंच!! कॉलेजच्या प्रकल्पात मी असंच कडं घालायचे; ज्याचा फोटो, त्याच्या नावाच्या अक्षरांवरून ठिपक्यांच्या जागा ठरायच्या. तो प्रोग्रॅम एकालाच दिला होता — कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्या काकांना, त्यांच्याच कॉम्प्युटरवर केला म्हणून. "न दिसणारी भेट दिलीस की गं! चहा मात्र दिसणारा घे," म्हणाले होते.

काकांचं नाव घालून ताडून पाहिलं. ठिपकान् ठिपका जुळला.

घरी येताना दुकानात डोकावले. पक्ष्यांचे फोटो विकलेत का हो? "विकतोय कसले! स्पर्धेला पाठवलेत. निकालाकडे डोळे लावून बसलोय."

८ फेब्रुवारी

साहेबांना नकाशा दाखवला. त्यांनी आधी दार लोटलं. "तुझंच कडं ना? मग पुसताही तुलाच येईल. वर आपलं घाल. दिसतंय कुणाला?" मग हसून — "पुढच्या आठवड्यात तुला कायम करायचंय."

आईनेही असंच विचारलं होतं. पण तिला जाणून घ्यायचं होतं.

बाबांनी शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय, पोरगी कायम होतेय म्हणून.

पुसायला काय लागेल, ते बघितलं. प्रोग्रॅमची एक ओळ. बस्स, एकच!

९ फेब्रुवारी

ती ओळ लिहिली नाही. सकाळी काकांना सोबत घेऊनच ऑफिसात गेले. साहेबांसमोर माझ्या खुर्चीवर बसवलं, कडं उघडलं आणि म्हटलं, "काका, ही तुमची सही."

सही कशाला करायची, ते आईला अजून सांगायचंय.