लाइटिंगचा प्रॉब्लेम

३ ऑगस्ट २००२
नव्या राज्याची राजधानी झाली म्हटल्यावर रायपूरचा स्वतःचा डान्स शो पाहिजेच! केबलवाले दिवाकरभाऊ काढून राहिले, शाळा-कॉलेजच्या पोट्ट्यांचा. निवड मी करायची, जजही मीच. मंडळाच्या गणपतीत नाटकं बसवली ती काय उगाच? संकल्प: एकदम निःपक्षपाती राहायचं.

४ ऑगस्ट, दुपार
ऑडिशन. आमची अनुश्री अन् तिची पुरानी बस्ती मोहल्ल्यातली मैत्रीण कलावती जोडीनं नाचल्या. कलावती काय नाचते, बाप रे! आमची कन्या तिच्यापुढे कवायत करून राहिली होती. पण कलावतीचा रंग जरा... मी स्वतः निमगोरा, तरी मले रंगाचा अभिमान नाही. कॅमेऱ्यात काळं येत नाही, त्याले मी काय करू? तिले मागच्या रांगेत ठेवलं, खांबाजवळ. अन्याय नाही, लाइटिंगचा प्रॉब्लेम आहे.

संध्याकाळ
अनुश्री विचारते, मग लाइट काहून नाही बदलत? आजकालच्या पोट्टींले टेक्निकल काही समजतच नाही.

८ ऑगस्ट
मागच्या रांगेत सगळे सावळेच जमले. योगायोग. दिवाकरभाऊ खूश, स्क्रीन उजळ दिसते म्हणे.
कलावतीले प्रेमानं पावडरचा डबा देऊ केला. नहीं चाहिए अंकल, म्हणाली अन् सरळ घरी गेली. भलाईचा जमानाच नाही राहिला. डबा घरी आणला.

११ ऑगस्ट
अनुश्रीनं नाव काढून घेतलं. कलावती नाही तर मीही नाही म्हणे. माझ्याशी बोलणं बंद. आधी ऑफिसातून आलो की दारातच चिवचिव सुरू व्हायची. घर खायला उठते. तरी झुकणार नाही. जजसाठी क्रीम कलरचा कोट शिवायला टाकला.

१५ ऑगस्ट
शूटिंग झकास! नव्या राज्यात सर्वांले समान संधी, यावर दोन शब्द बोललो. लोकांनी मी थांबेपर्यंत टाळ्या वाजवल्या.

१८ ऑगस्ट, रविवार
शो लागला. आमचा अर्धा मोहल्ला, अख्खा ब्राह्मणपारा म्हणा ना, आमच्या टीव्हीसमोर. पोट्टे दिसले, पडदा दिसला. माझ्या भाषणाले फक्त आवाज, अन् स्क्रीनवर फुलदाणी!
दिवाकरभाऊले फोन लावला. तुमचा चेहरा डार्क येत होता म्हणे, त्यात तो क्रीम कोट. मनावर घेऊ नका, लाइटिंगचा प्रॉब्लेम.
मी ओरडलो, मग लाइट काहून नाही बदलला?
फोन ठेवला. विनोदिनीनं पदर तोंडाले लावला, माझी बायको असून!
अनुश्री आज पहिल्यांदा बोलली. बाबा, पावडरचा डबा कपाटात आहे म्हणाली.