मेमरीच्या कपाटातलं कुंकू

अहमदनगर, मंगळवार, १६ ऑक्टोबर १९७३

वसंता असं करेल? दुपारपासून डोक्यात तेवढंच.

कारखान्यातल्या आमच्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी इतकी तोकडी, की पगाराचं काम मला दर महिन्याला दोन तुकडे करून चालवावं लागतं. म्हणून जादा मेमरीचं कपाट, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचं कपाटाएवढं यंत्र, घ्यायचं ठरलं. ते आणायला वसंताला मुंबईला पाठवा, असं साहेबांना मीच सांगितलं. माझा मित्र, पाथर्डीचा, शब्दाचा पक्का! "कोरं हाय गड्या, माझ्यासमोर पेटी फोडली," असं आल्या आल्या म्हणाला.

आज पूजेआधी पुसून घ्यावं म्हणून कपाटाचं दार उघडलं. आतल्या पत्र्यावर कुंकवाचं बोट. वाळून काळपट झालेलं, त्यात अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. म्हणजे हे कपाट कुणीतरी आधीच पुजलंय, वापरलंय; आणि वसंताकडे पैसे तर कोऱ्याचे दिले होते.

"हे काय रे?" मी शेजारी उभ्या वसंताला विचारलं.

"तूच लावलं आसंल की आत्ता."

माझी कुंकवाची डबी तर अजून उघडायची होती! ती माझ्या हातात दिसली तशी त्याने मान खाली घातली आणि थुंकी लावून अंगठ्याने पत्रा घासू लागला. दाणा पडला, डाग राहिला. मला तरी खरं सांगायचंस, लेका.

तेवढ्यात साहेब सगळ्यांना घेऊन आले. वसंताने नारळ माझ्या हातात दिला. तिथेच बोलायला हवं होतं का? नारळ फोडला, डबीत बोट बुडवलं आणि त्याच डागावर ताजं कुंकू लावलं.

आता कुणी विचारलं, तर तो डाग माझाच.