हिरवा आकडा

२ नोव्हेंबर, रविवार

‘फुकट दिलंस की नावं ठेवायचा हक्कही देऊन बसतेस!’ — आईचं वाक्य. मी गल्लीतल्या मुलींना फुकट टायपिंग शिकवायचे तेव्हाचं. आज उगाच आठवलं. मी बनवलेलं ॲप फुकट देऊन वर्ष होत आलं, अजून कुणी नावं ठेवलेली नाहीत. वापरणाऱ्या सगळ्या घरी बसून फोनवरून माल विकणाऱ्या बायका. पार्सल कुरिअरला दिलं की नोंद करायची, महिन्याची विक्री हिरव्या आकड्यात दिसते. एवढंच. इथं शिरूरलाच मसाले विकणारी सबीना म्हणते, “ताई, तुमचं ॲप लई गोड बोलतं! आकडा बघितला की दुसरा चहा लागतो मला.”

५ नोव्हेंबर, बुधवार

मांडवगणला हर्षदाकडं जाऊन आले. लहान मुलींच्या तयार नऊवाऱ्या शिवून विकते. दिवाळीआधी रांजणगावच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडलं तिनं. “आकडा पगाराच्या वर गेला, ताई!” — फोनवर केवढी ओरडली होती. मीही ओरडले.

मला बसायला जागा करायची म्हणून तिनं पलंगावरची पार्सलं बाजूला सारली. कोपऱ्यात आणखी ढीग.

“ही कधी पाठवायचीत?”

“पाठवलेलीच हायेत. माघारी आली. दारात पैसे द्यायची वेळ आली की लोक नको म्हणत्यात. दौंडचा कुरिअरवाला आणून टाकतोय.”

आणि ॲपमध्ये? ॲपमध्ये ती विकलेली! पार्सल परत आलं हे धरायची सोयच मी केलेली नाही. बाबांच्या दुकानात वाढले — फळीवरून माल उतरला, पैसे गल्ल्यात पडले, संपलं. दुसरं काही डोक्यातच आलं नाही.

“तुझ्या लक्षात आलं नाही?”

“आलं की. पर तवर कंपनी सोडली होती.” मग हसली. “आन् आकडा बघून बरं वाटायचं.”

६ नोव्हेंबर

मला एका शब्दानंही बोलली नाही ती. येताना वर डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्ती झाली. माघारी आलेलं पार्सल आता कुरिअरच्या नोंदीवरून आपोआप वजा होईल. हर्षदाचा आकडा करून पाहिला. निम्मा! कंपनीच्या पगारापेक्षा खाली.

सगळ्यांना पाठवायच्या आधी तिला फोन केला. मागचा शिलाईचा खडखडाट थांबला. मग —

“ताई, तेवढा शनिवार जाऊ द्या की.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. सासरे, गेणबा आबा, रोज दिवेलागणीला विचारतात, ‘सूनबाई, मोबाइल काय म्हंतोय?’ ती आकडा दाखवते. त्या आकड्यावर त्यांनी ठरवलंय — उरलीसुरली मेंढरं शनिवारच्या बाजारात काढायची आणि हिला मोटारीची शिलाई मशीन घ्यायची.

“मशीन आली की आकडा खरा करून दाखवते मी. आत्ता कळलं तर म्हंतील, सून खोटं दाखवत होती.”

शिवलेलं माघारी येतंय, आणि ही आणखी शिवणार!

११ नोव्हेंबर

आज हर्षदाचा फोन आबांनीच उचलला. “कोण, मोबाइलवाल्या बाई व्हय? तुमच्यामुळं आमच्या पोरीची कंपनीची बस सुटली बघा — कायमची!” स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले.

म्हटलं, आबा, मेंढरं एवढ्यात नका काढू.

“का? तुम्ही येताय राखायला?” परत हसले. मग जरा थांबून, “आमच्या बापानं मेंढरांचा वाडा घेऊन मुलूख पालथा घातला. आता हीच उरल्यात. जीव हाय त्यांच्यावर, पर पोरीचं चाललंय तर चालू द्या.”

मागं मेंढरू ओरडत होतं. पुढं बोलायचं होतं. घाबरले, फोन ठेवला.

१३ नोव्हेंबर

थांबले तर सबीनासारख्या सगळ्याच खोटा आकडा बघत बसणार. नाही थांबले तर चूक माझी आणि खोटी ठरणार हर्षदा. आणि एकदा बाजारात गेलेली मेंढरं मी कुठून परत आणू?



१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी दुरुस्ती पाठवून दिली. सगळ्यांना. तिलाही.

अजून दिवे लागायचेत. तिला मेसेज केला. ती नकोच म्हणेल — माझ्यावर कशाला विश्वास ठेवेल आता?

‘हर्षदा, आकडा निम्म्यावर आलाय. आबा विचारतील तेव्हा मला फोन लाव आणि फोन त्यांच्या हातात दे. खोटं तू नाही, मी दाखवत होते — एवढं मला सांगू दे त्यांना.’