पूनमला काय हवंय

३ नोव्हेंबर, सोमवार
रिटायर होऊन सहा महिने. आजपासून कॉम्प्युटरवर पायथन प्रोग्रामिंग शिकणार. कारण, पूनम म्हणते मी तिचं ऐकत नाही. सकाळीही तेच म्हणाली. मी हूं म्हटलं, म्हणजे ऐकलंच होतं.

५ नोव्हेंबर
दोन दिवसांत प्रोग्राम तयार! क्लिक केलं की काळी विंडो उघडते, विचारते, 'पूनम, तुला काय हवंय?' आणि थांबते. टाईप करून एंटर मारेपर्यंत हलत नाही. मग आपोआप बंद. एकदम प्रोफेशनल. अख्ख्या थळ गावात असा नवरा नसेल.

७ नोव्हेंबर, स. ११
पूनमला बसवलं. म्हटलं, भांडण नको, सगळं इथे लिही, मी शांतपणे वाचीन. आधी हसली, मग डोळे पुसले. म्हणाली, एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. मी पडवीत बसलो. वीस मिनिटं टाईप करत होती. एंटर मारून, बॅग घेऊन माहेरी गेली, तळा गावाला. म्हणाली, वाचा आणि रविवारपर्यंत सांगा, हो की नाही.

दु. १
सापडत नाही. सगळे फोल्डर पाहिले. रिसायकल बिनसुद्धा.

दु. ४
मुलीला फोन केला. प्रणाली म्हणाली, बाबा, टाईप केलेलं फाईलमध्ये साठवावं लागतं. तुम्ही नुसतं विचारलंत, उत्तर ठेवलंच नाहीत. गेलं ते. आईला खरं सांगा.
सांगणारच आहे. उद्या. सकाळी माणूस फ्रेश असतो.

८ नोव्हेंबर
सांगितलं नाही. रेंजचा भरवसा नव्हता. दांड्या पूर्ण होत्या, पण तरी.

९ नोव्हेंबर, रविवार
तिचाच फोन. वाचलंत ना? मी म्हटलं, दोनदा. मग? मी म्हटलं, हो. बायकोला हो म्हटलेलं कधीही सेफ. ती म्हणाली, इतक्या पटकन म्हणाल असं वाटलं नव्हतं.
खूश असावी. प्रोग्राम यशस्वी.

१० नोव्हेंबर
मेहुणा धर्मा टेम्पो घेऊन आला. पूनमचं कपाट, शिलाई मशीन, लोणच्याच्या बरण्या, सगळं बांधलं. म्हणाला, ताई म्हनली दाजी तयार हायत, वाद न्हाय. मी म्हटलं, छे, वाद कसला. मशीन चढवायला हात दिला. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मशीन जड होतं, एवढंच.
नक्की कशाला तयार, हे धर्माला विचारणार होतो. पण टेम्पो चालू झाला होता, आणि आता विचारणं बरं दिसलं नसतं.