ऑर्व्हिलची टपालपेटी आणि आमचं होऊ घातलेलं शहर

टकर्स बेंड (अजून तरी),
मार्च महिना, बर्फ संपून चिखल सुरू

ती. एमेटदादास,

धाकट्या लिओनाचा वाकून नमस्कार (गुडघा हल्ली फार वाकत नाही, झाला तेवढा गोड मानून घे). तुझी कंबर कशी आहे? ट्रक सुरू होतो ना? रूथवहिनीने पाठवलेला जर्दाळूचा जाम पोचला. तिला म्हणावं छान झालाय, फक्त पुढच्या खेपेस त्यात थोडे जर्दाळूही घाल. डोंगरापलीकडे तुमच्याकडचे लोक अजून शहाणे आहेत ना? आमच्याकडचे राहिले नाहीत. आमचं शहर व्हायचं घाटतंय.

हसू नकोस. तुला आठवतंय तेच टकर्स बेंड. एक किराणा दुकान, एक पेट्रोल पंप, एक आगीच्या बंबाची शेड, आणि पंपापेक्षा जास्त वेळ बंद असणारं एक चर्च. आजवर आपल्याला ना महापौर होता ना नगरपालिका. काउंटीच्या कचेरीतले लोक वर्षातून एकदा येऊन रस्त्यातले खड्डे बघून जायचे आणि आपण त्यांना कॉफी पाजायचो, एवढाच आपला सरकारशी संबंध. पण सहा वर्षांपूर्वी विम्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन कॉर्डेल मॅब्री नावाचे गृहस्थ इथे ‘शांततेसाठी’ राहायला आले, आणि ती त्यांना सोसेना. त्यांचं म्हणणं असं की शेजारचं लोरिंग्टन शहर हळूहळू आपला हमरस्ता गिळणार, मग दुकान त्यांचं, पंप त्यांचा आणि आपल्याकडे नुसता चिखल. त्याआधी आपणच मतदान घेऊन शहर व्हायचं. (यात तथ्य नाही असं नाही, पण ते ज्या सुरात सांगतात त्या सुरात मला कुणी उन्हाळ्यात सावलीत बस म्हटलं तरी मी बसणार नाही.)

बंबाच्या शेडमध्ये सभा झाली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या, त्यामुळे बंबावर पाऊस आणि आमच्यावर कॉर्डेल. रस्त्यांना नावं देणार, दिवे लावणार, नियम करणार. नियमांचा नमुना त्यांनी वाचून दाखवला आणि त्यात आलं की शहराच्या हद्दीत डुकरं पाळता येणार नाहीत. दादा, माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माझ्या डुकरिणी बर्निस आणि डॉटी, दोघीही या गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा स्वच्छ आहेत आणि सगळ्यांपेक्षा कमी बोलतात. मी उठले आणि बोलले. किती वेळ ते विचारू नकोस. मी बसले तेव्हा डोनट संपलेले होते.

ऑर्व्हिल गमने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझा सख्खा शेजारी, तुझ्याबरोबर मासे धरायला जायचा तोच. त्याला शहर हवंय, कारण वारा माझ्या डुकरांच्या गोठ्याकडून त्याच्या स्वयंपाकघरात जातो. “लिओना, शहर नको तर नको,” तो सगळ्यांसमोर म्हणाला, “पण मला एकदा तरी नुसत्या कॉफीचा वास येऊ दे गं बाई.” शेड हसून हसून लोटपोट झाली. मी अपमान गिळला आणि शहराच्या विरोधात घरोघर फिरायला लागले. पायाला फोड आले, पण निम्मं गाव माझ्या बाजूला वळवलं.

आणि मग नकाशा आला. आता हा घोळ नीट वाच, कारण असा घोळ फक्त आपल्याच लोकांना जमतो. शहराची हद्द लिहून द्यायची होती. कॉर्डेल पडले नवखे, त्यांनी जुन्या माणसांना विचारलं की बेंड कुठे संपतं. आपल्याकडे लहान पोरालाही विचारलंस तर काय सांगेल? “ऑर्व्हिलच्या टपालपेटीशी.” आपल्या बाबांच्या वेळेपासून सगळे हेच सांगतात. कॉर्डेलनी तेच लिहून दिलं. काउंटीकडून मोजणी करणारी मुलगी आली, तिने पुलापासून टपालपेटीपर्यंत हिरवी रेघ ओढली आणि नकाशा शेडच्या भिंतीवर टांगला. जो तो आपलं घर शोधत होता. मीही शोधलं, नुसतं राग यायला काहीतरी हवं म्हणून. दादा, मी रेघेच्या बाहेर!

कारण पेटी जिथे होती तिथे नाहीच आता. दर हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी रस्त्याकडेच्या त्या पेटीला खांबासकट आडवी करते आणि दर वसंतात ऑर्व्हिल तिला उभी करतो, मऊ जमीन बघून, आणि दर वर्षी स्वतःच्या दाराच्या जरा जवळ, म्हणजे चालायला नको. पूर्वी ती माझ्या फाटकाच्या पलीकडे होती. सरकत सरकत अलीकडे आली आणि माझं लक्षही गेलं नाही. “मी काय मुद्दाम केलं का?” तो म्हणतो. “पेटीच्या पलीकडे तू राहिलीस, त्याला मी काय करू?”

कॉर्डेलनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. “लिओनाबाई, सुटला की तुमचा प्रश्न! आता हवी तेवढी डुकरं पाळा. मत मात्र देता येणार नाही, तुम्ही टकर्स बेंडच्या नाही ना.” मी विचारलं, मग दर रविवारी इथे शेडमध्ये सगळ्यांसाठी पॅनकेक होतात, त्याचं पीठ कोण भिजवणार? तर म्हणाले, “तुम्हीच! पाहुण्या म्हणून आम्ही तुम्हाला नेहमी बोलावू.”

पाहुणी. दादा, ज्या शेडची फरशी बाबांनी गुडघ्यांवर बसून घातली, तिथे मी पाहुणी! आईबाबा टेकडीवर निजलेत ते रेघेच्या आत आणि मी बाहेर. सगळे समोर होते म्हणून चिडले, पण घरी येऊन बर्निसच्या पाठीवर हात ठेवून चक्क रडले. मला शहर नको आहे, आजही नको. पण ते मी आत राहून नको म्हणणार. बाहेरून ओरडायला मी काय लोरिंग्टनची आहे?

ती मोजणीची मुलगी चांगली आहे. बुधवारी ती हद्दीची शेवटची खुंटी ठोकायला येणार, आणि पेटी त्या दिवशी जिथे असेल तिथे ठोकणार, असं तिने स्वतः सांगितलंय. तिला दोनदा विचारून घेतलं.

बाकी सर्व क्षेम. कंबर जप, ओझी उचलू नकोस.

तुझी,
लिओना

ता. क. मंगळवारी सकाळी इकडे ये. खांबासाठी खड्डा खणायचं तुझं ते हत्यार घेऊन ये. पेटीचा खांब जड आहे. (कंबरेचं वर लिहिलंय ते बुधवारपासून पाळ.)

ता. क. २. ट्रकला मागे उंच फळ्या लावून आण. ऑर्व्हिल पेटी परत माझ्या फाटकाच्या पलीकडे हलवू द्यायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे: डुकरं आधी जायला हवीत. बर्निसला सालांसकट बटाटे आवडतात. डॉटीला झोपताना कुणीतरी जवळ उभं लागतं, वहिनीला सांग. मतदान होईपर्यंतच ठेवायच्या आहेत.

ता. क. ३. मी मत विरोधातच देणार आहे, हे ऑर्व्हिलपाशी चुकूनही बोलू नकोस. डुकरं पाठवतेय म्हणजे मी शहराच्या बाजूची झाले असं त्याला वाटतंय, आणि काल त्या आनंदात त्याने मला माझ्याच फाटकाशी ‘ये गं, गाववाली’ अशी हाक मारली.